अक्काचा निर्जळी सोंगक्रान

चैत्र लागला की माझ्या ऑफिसात दोन गोष्टी एकदम सुरू होतात, कूलरची घरघर आणि सोंगक्रानची चौकशी. लातूरच्या बाजारपेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर माझं हे टूरचं ऑफिस. जिना इतका अरुंद, की एखादं जाडजूड गिऱ्हाईक वर यायला लागलं तर उतरणाऱ्याला वरच थांबावं लागतं. खिडकीतून खाली बघितलं तर टँकरच्या वाटेवर निळेपिवळे ड्रम ओळीनं उभे असतात, आणि तेवढ्यात निलंग्याहून कुणाचा तरी फोन, "ते पाणी मारायचं असतंय बगा तिकडं थायलंडात, त्याचं पॅकेज हाय का तुमच्याकडं?" आहे की. विमान कुठून, हॉटेल कसलं, जेवणात वरणभात मिळतो का, सगळं सांगतो. शेवटी एक गोष्ट न विचारता सांगतो. अंगावर देवाधर्माचं जे काही असेल, ताईत, माळ, लिंग, ते कुणी कितीही सांगू दे, काढून ठेवायचं नाही. पलीकडचा माणूस "हाव, हाव" म्हणतो. हा बाबा एवढा कासावीस कशानं झाला, हे त्याला कळत नाही.

मला मात्र त्या वेळी घशाला कोरड पडते. दरवर्षी पडते.

पूर्वी मी बियाण्याचा विक्रेता होतो. आमच्याकडं जो जास्त पिशव्या खपवील त्याला कंपनी बँकॉक दाखवून आणते, हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तिथं मंडळी काय बघायला जातात हेही सगळ्यांना ठाऊक आहे. मीही गेलो. बाकीचे आपापल्या उद्योगाला लागले आणि मी चुकून एका नदीकाठच्या गर्दीत शिरलो. कार्तिकी पौर्णिमा होती. बायकापोरं केळीच्या खुंटाच्या चकत्यांवर पानाफुलांची आरास करून, मध्ये दिवा लावून पाण्यात सोडत होती आणि हात जोडून पुटपुटत होती. शेजारच्या बाईला मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, काय मागतेस? ती म्हणाली, मागत नाही, नदीची माफी मागते, वर्षभर तिच्यात घाण टाकली म्हणून. मला नांदेडचा घाट आठवला, आमची गोदावरी आठवली, आणि लाज वाटली. परत आल्यावर दुकान बायकोच्या भावाला दिलं आणि हा धंदा काढला. बायको म्हणाली, येड लागलंय. लागलं होतंच.

त्या लोकांचं वर्ष आता मला आपल्या पंचांगासारखं पाठ आहे. आपली आषाढी पौर्णिमा येते तेव्हा त्यांच्या उबोन गावात पुरुषभर उंचीच्या मेणबत्त्या कोरून गाड्यांवरून मिरवतात. आपलं नवरात्र बसतं त्याच सुमाराला फुकेतला नऊ दिवस मांस बंद, सगळे पांढऱ्या कपड्यांत, आणि काही जण गालातून सळया आरपार घालून चालतात. ते बघून उदगीरच्या एका धट्ट्याकट्ट्या व्यापाऱ्याला भोवळ आली होती. माघी पौर्णिमेला हातात मेणबत्ती घेऊन देवळाला तीन फेरे. आणि वैशाखात, आपल्याकडं आभाळाकडं बघून माना दुखायला लागतात तेव्हा, तिकडचे शेतकरी पावसाच्या देवाला जागं करायला बांबूचे मोठाले बाण उडवतात. ज्याचा बाण उडत नाही त्याला उचलून चिखलात टाकतात. जळकोटचे एक शेतकरी ते बघून म्हणाले, "आपल्याकडं हवामानाचा अंदाज सांगणाऱ्याला असं टाकायला पायजे." मी हसलो, पण खरं सांगतो, असं काही बघितलं की मला परकं वाटत नाही. पावसाला हाक मारणारी माणसं कुठलीही असोत, आपलीच वाटतात.

आणि चैत्रात सोंगक्रान. सूर्य मेषेत जातो, त्यांचं नवं वर्ष लागतं. तीन दिवस पाणी. मी मायक्रोफोन धरून सांगायचो, "मंडळी, हा जगातला सगळ्यात मोठा पाण्याचा खेळ!" लातूरकराच्या तोंडून हे वाक्य ऐकताना बसमधले लातूरकर एकमेकांकडं बघायचे.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी मी अक्काला नेलं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, ती सतरा-अठराची. वर्षभरात तिचं लग्न चाकूरला झालं आणि सासरी जाताना एका हातात पितळी डबा आणि दुसऱ्या हातात मी, अशी ती गाडीतून उतरली. सासू दारात म्हणाली, "ह्ये काय, आंदण का?" अक्का म्हणाली, "व्हय. ह्येच आंदण." माझं शाळा-कॉलेज, लग्न, सगळं तिनं केलं. पुढं मेव्हणे गेले, त्यांचं भुसारचं दुकान तिनं एकटीनं चालवलं. हमाल तिला टरकायचे. साठी उलटली तरी पाठीचा कणा ताठ, बोलणं तोडून टाकल्यासारखं. चाकूर, लातूर, फार झालं तर सोलापूर, याच्यापलीकडं ती गेली नव्हती. मी मागं लागलो. ती म्हणायची, "तिथं माजी पूजा कुठं व्हायची?" मी म्हणायचो, "अगं, हॉटेलात नळ हाय, पाट घेऊन जाऊ, बेलाची पानं घेऊन जाऊ." तेव्हा कुठं तयार झाली.

तिची पूजा म्हणजे काय, हे सांगायला हवं. आम्ही लिंगायत. आमच्यात लिंगदीक्षा झाली की गुरूनं दिलेलं इष्टलिंग, सुपारीपेक्षा थोडं मोठं, काळंभोर, चांदीच्या डबीत घालून दोऱ्यानं गळ्यात बांधतात. ते मरेपर्यंत अंगावरून उतरायचं नाही. हल्ली आमच्यातल्याच निम्म्याअधिक लोकांची लिंगं देव्हाऱ्यात किंवा कपाटात असतात, माझंही. अक्काचं तसं नव्हतं. आठव्या वर्षी दीक्षा झाली तेव्हापासून ते तिच्या छातीवर. रोज सकाळी आंघोळ करून, विभूती लावून, लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, त्यावर पाण्याची धार धरायची, बेलाचं पान वाहायचं, आणि तळहातात साठलेलं तेच पाणी तीर्थ म्हणून प्यायचं. त्याच्या आधी पाण्याचा थेंब नाही. तापात नाही, मेव्हण्यांची प्रेतयात्रा निघाली त्या दिवशीही नाही.

चियांग माई हे उत्तरेतलं जुनं शहर. भोवती चौकोनी खंदक, त्यात पाणी. सोंगक्रानच्या पहिल्या सकाळी आमचा बावीस जणांचा जथा त्या खंदकाकाठी उतरला आणि चारी बाजूंनी पाणी सुरू झालं. बादल्या, पिचकाऱ्या, पाइप. टेम्पोंमध्ये बर्फाचे दगड घातलेले ड्रम, आणि त्यातलं पाणी अंगावर पडलं की हाडापर्यंत शहारा. आमची मंडळी पाच मिनिटांत पोरं झाली. औशाचे अप्पा, सत्तरीचे, चष्मा सांभाळत एका परदेशी मुलाच्या मागं बादली घेऊन धावत होते.

अक्का एका दुकानाच्या पायरीवर ओठ घट्ट मिटून उभी होती. दुकानदारानं रस्त्यावर सोडलेला पाइप भुळभुळ वाहत होता. ती गेली आणि तिनं नळ बंद केला. दुकानदारानं हसून सोडला. तिनं परत बंद केला. तिसऱ्यांदा त्यानं सोडला तेव्हा ती माझ्याकडं वळली. बसू हे तिनं मला ठेवलेलं नाव. "बसू, ह्या लोकांना कळतंय का न्हाई? ह्येवढ्या पाण्यात आपली आख्खी गल्ली महिना काढती." मी म्हणालो, "अक्का, त्यांच्याकडं पाणी हाय. सण हाय त्यांचा." ती म्हणाली, "म्हून सांडायचं?" तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. मला तिचा राग आला, कारण खरं तर पहिल्या वर्षी मलाही नेमकं तेच वाटलं होतं.

तेवढ्यात एक शाळकरी मुलगी आली. अक्काचे पांढरे केस बघून तिनं पिचकारी खाली ठेवली, वाटीत पाणी घेतलं, हात जोडले आणि अक्काच्या खांद्यावर हळूच ओतलं. अक्का दचकली. मग तिच्या तोंडून एक हसू फुटलं, असं, की मी लहानपणानंतर ते ऐकलंच नव्हतं. "अगं माय, गारेगार हाय की!" तिनं मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि वाटी मागून घेऊन तिच्या अंगावर उलटी केली.

मी पाघळलो. म्हणालो, "अक्का, मनसोक्त खेळ आता. ती डबी तेवढी काढ. दोरा भिजून तुटला म्हंजे?" तिथं प्रत्येक टपरीवर मोबाइल भिजू नये म्हणून प्लास्टिकची पाकिटं मिळतात, गळ्यात अडकवायची. मी एक विकत घेतलं. ती नाही म्हणेल, भांडेल, असं वाटलं होतं. पण तिनं एका झटक्यात दोरा डोक्यावरून काढला, डबी पाकिटात टाकली आणि पाकीट गळ्यात घातलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मी स्वतःच्या हुशारीवर खूश होतो.

मग अक्का खेळली. पदर खोचून, साडी भिजून पायाला चिकटलेली, गालांवर कुणीतरी पांढरी माती फासलेली. अप्पांनी तिच्यावर बादली रिकामी केली तर तिनं त्यांना खंदकापर्यंत पिटाळलं. अर्धा-पाऊण तास असेल. मी फोटो काढत होतो. त्यातल्या शेवटच्या फोटोत तिच्या गळ्यात नुसती पांढरी नाडी लोंबकळते आहे. पाकीट नाही.

तिनं छातीला हात लावला तेव्हाचा चेहरा मी विसरू शकत नाही. ओरडली नाही. जिथं होती तिथं खाली बसली, भर रस्त्यात, वाहत्या पाण्यात, आणि दोन्ही हातांनी जमीन चाचपायला लागली.

आमचा खेळ तिथंच संपला. बावीस लातूरकर वाकून रस्ता शोधत होते आणि वरून लोक पाणी मारत होते. त्यांना वाटलं, हाही एक खेळ. मी एकाच्या हातातली बादली हिसकावून आपटली. आमची तिथली गाइड नोई, तिशीची, बारकीशी, तिनं माझा दंड धरला, काय झालं विचारलं, आणि मग ती पळतच सुटली. तिनं पोलिसांना सांगितलं, गाणी लावलेल्या मांडवात जाऊन भोंग्यावरून तीनदा पुकारलं. खंदकात उतरून बादल्या भरणाऱ्या पोरांनी बुड्या मारून बघितल्या. चार-पाच मोबाइल मिळाले, एक कवळी मिळाली. डबी मिळाली नाही.

दुपारी खोलीत मी पाण्याची बाटली पुढं केली. तिनं तोंड फिरवलं.

"अक्का, सकाळी पूजा झालीया की तुजी. आजचं पाणी चालतंय."

"लिंग अंगावर न्हाई आन् पाणी चालतंय? कुणी सांगितलं तुला?"

लहानपणी जुन्या बायकांकडून ऐकलेलं होतं, लिंग हरवलं तर माणसानं प्राण सोडावा. आम्ही पोरं ते ऐकून पांघरुणात हसायचो. आता ते आठवलं तशी मी बाटली परत पुढं केली. ही बाई बोलली की करते, हे माझ्याएवढं कुणाला ठाऊक असणार? तिला गोड बोलून पाहिलं, हातापाया पडून पाहिलं. संध्याकाळी मी चिडून ओरडलो, "मरायचंय का तुला हितं? लोक म्हणतील, भावानं परदेशात नेऊन मारलं!" ती शांतपणे म्हणाली, "तुला लोकांचं पडलंय व्हय." मी खोलीबाहेर जाऊन भिंतीला टेकून रडलो. होय, रडलो. पन्नाशीचा माणूस, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र.

दुसऱ्या दिवशी ऊन आणखी चढलं. खिडकीखाली परत तो जल्लोष, ढोल, पाण्याचे फवारे. रस्ते वाहत होते, गटारं वाहत होती, झाडांची पानं ठिबकत होती, आणि चौथ्या मजल्यावर माझ्या बहिणीचे ओठ फाटले होते. जीभ टाळूला चिकटून शब्द नीट येत नव्हते. मी खिडकी लावून घेतली. आमच्याकडं नळाला दहा-दहा दिवस पाणी यायचं नाही तेव्हा हीच बाई रांगेत उभी राहून घागरी आणायची आणि पहिला तांब्या मला द्यायची, हे मला त्याच वेळी आठवायचं काही नडलं होतं का? पण आठवलं.

अप्पांनी सुचवलं, "स्वामीजींना फोन लावा." लावला. आमच्या मठाचे स्वामीजी, आवाज अगदी मऊ. व्हिडिओवर त्यांनी अक्काला नीट बघितलं. मग म्हणाले, "माय, पाणी घ्या. लिंग हातातनं जातंय, अंगातनं जात न्हाई. आल्या आल्या मी दुसरं देतो. माझी आज्ञा समजा." अक्कानं फोनलाच नमस्कार केला. मला वाटलं, सुटलो. फोन बंद झाल्यावर ती म्हणाली, "स्वामीजींना खरं काय झालं ते म्हाईत न्हाई."

मला ते वर्मी लागलं. खरं काय झालं होतं? मी लिंग उतरवायला लावलं होतं. मी फोनवर नुसतं 'हरवलं' एवढंच म्हणालो होतो. ती मला पाठीशी घालत होती आणि पाणीही घेत नव्हती, म्हणजे माझं पाप ती भरत होती. त्या विचारानं मी पार मोडलो. परत फोन लावून सगळं सांगतो म्हणालो, तर तिनं मनगट धरलं. एवढा अशक्त हात, पण सोडवेना.

दुपारी नोईनं डॉक्टर आणला. त्यानं नाडी बघितली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. सलाइन लावू या, तो म्हणाला. मी अक्काला समजावलं, "तोंडानं न्हाई गं, सुईतनं जातंय." अक्का म्हणाली, "सुईतनं ग्येलं तरी प्यालंच की." डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, साखरेचा आजार आहे, वय आहे, संध्याकाळपर्यंत पाणी गेलं नाही तर मूत्रपिंडांवर बेतेल, मग मी विचारणार नाही, उचलून नेईन. मी मान हलवली. उचलून नेलं असतं आणि बांधून सलाइन लावली असती, तर ती जगली असती, पण माझ्याशी उभ्या जन्मात बोलली नसती. मला दोन्ही नको होतं.

नोई इतका वेळ दाराशी उभी होती. ती म्हणाली, गल्लीच्या टोकाला छोटं देऊळ आहे, आज तिथं म्हाताऱ्यांचा दिवस असतो, आईला तिथं सावलीत बसवू या, इथं कोंडून काय होणार? मला वाटलं, हिला काय कळतंय. पण अक्कानं विचारलं म्हणून सांगितलं, तर ती उठूनच बसली. "देऊळ हाय न्हवं? चल."

आम्ही तिला दोन्ही बाजूंनी धरून नेलं. गल्लीत लोक पाणी मारत होते, पण नोई पुढं होऊन हात वर करायची आणि ते थांबायचे. देवळाच्या अंगणात लोकांनी वाळूचे छोटे छोटे मनोरे केले होते, वर कागदी झेंडे. नोई सांगत होती, वर्षभर पायांना लागून देवळाची वाळू बाहेर जाते, ती आज परत आणून द्यायची. अक्का थांबून ते बघत राहिली. मला वाटलं चक्कर येतेय, मी घट्ट धरलं.

झाडाखाली खुर्च्यांवर सात-आठ म्हातारे-म्हाताऱ्या बसल्या होत्या, मांडीवर पंचे. नोईनं अक्कालाही तिथं बसवलं. मग लेकी, नातू, शेजारीपाजारी ओळीनं यायला लागले. गुडघ्यावर बसायचं, म्हाताऱ्या माणसाच्या ओंजळीवर मोगऱ्याचं पाणी थोडं थोडं ओतायचं आणि म्हणायचं, वर्षभरात जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर माफ करा. मग ते म्हातारं माणूस ओल्या हातानं त्यांच्या डोक्याला स्पर्श करून आशीर्वाद देतं. पाण्याच्या त्या सगळ्या धुमाकुळाचं मूळ हे एवढं होतं. हे मी दरवर्षी बसमध्ये मायक्रोफोनवर सांगायचो, शिट्टी फुंकल्यासारखं, आणि त्यानंतर लगेच जेवणाचं ठिकाण सांगायचो.

अक्काच्या पुढंही माणसं येऊ लागली. ओळख ना पाळख. त्यांना ती एक म्हातारी बाई होती, बस्स. ती प्रत्येकासाठी ओंजळ धरायची, पाणी बोटांमधून गळून जाऊ द्यायची, आणि डोक्यावर हात ठेवायची. शेवटी नोई बसली. अक्कानं तिच्या गालावरून हात फिरवला. कालपासून पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

मग मी बसलो. वाडग्यातलं मोगऱ्याचं पाणी संपलं होतं. माझ्या हातात कालपासून घेऊन फिरत असलेली बाटली होती, तीच उघडली. घाईत पाणी आधी तिच्या मांडीवर सांडलं.

"अक्का, चुकलो. मी काढायला लावलं. माजं पाप हाय, तू कामून भोगायलीस? काय शिक्षा द्यायची ती मला दी. पण तू..." 

तिनं कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. 

"येडा हायस का रं तू?" ती म्हणाली. "तू सांगितलास म्हून काढलं व्हय मी? तुजं मी कवा ऐकलंय आजपातूर?"

मी वर बघितलं.

"ती पोरगी पाणी वतली न्हवं अंगावर, तवा मला वाटलं, एकडाव काढून बगावं. आठ वर्साची व्हते, तवापासनं हाय गळ्यात. झोपताना कूस बदलली तरी आदी त्याच्यावर हात. पोरीबाळी हिरीत पवायच्या, मी काठावर. लिंग हाय, संबाळ. सासर, संबाळ. बसू हाय, संबाळ. दुकान, संबाळ." ती दम घ्यायला थांबली. "एक घटका काईबी संबाळायचं न्हवतं मला. तू पाकीट आणलास, मला निमित्त गावलं. आन् खरं सांगू का, नाडीपासनं पाकीट तुटलं ते कळलं मला. गळ्याला झटका बसला. पर मी मागं वळून बगितलं न्हाई. म्हणलं, बगू थोड्या येळानं."

अंगणात कुणीतरी घंटा वाजवत होतं.  एवढी वर्षं ज्या बाईच्या जिवावर मी वाढलो तिला कधी साधं पाण्यात उतरायचं होतं, हे मला कुठं ठाऊक होतं? मी कधी विचारलंच नव्हतं. तिला जे जे सांभाळावं लागलं त्या यादीत माझं नाव तिसरं होतं आणि ती ते माझ्या तोंडावर, रागाशिवाय सांगत होती.

"स्वामीजी म्हणाले, पाणी घ्या. त्यांना काय म्हाईत? हरवलं असतं तर घेतलं असतं. मी हरवू दिलं." तिचा आवाज फुटला. "आन् लई मजा आली रे बसू मला. त्येचीच लाज वाटायली."

मी म्हणालो, "अक्का, मजा आली तर आली. त्यात काय चुकलं?" हे मी समजूत घालायला म्हणालो नाही. मला खरंच वाटलं ते. मी तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि हुंदका आवरला नाही. म्हणालो, "तूच म्हणतीस ना, मला आंदण म्हून आणलं. मग आता माजं एवढं ऐक. ज्या ज्या दिवशी तू काठावर बसलीस त्या समद्या दिवसांची माफी मी मागतो. धर हात."

तिनं हात पुढं केले. आधी दोन्ही, ओंजळीसारखे. मग उजवा खाली घेतला आणि डावा तळहात तेवढा उरला, मधे खोलगट केलेला, बोटं जुळवलेली. लिंगाच्या जागी काही नव्हतं. तळहाताच्या मधोमध कातडी गुळगुळीत, गोल, थोडी काळपट झालेली होती, इतक्या वर्षांच्या रोजच्या ठेवण्यानं. मी हळूहळू धार धरली. तिनं डोळे मिटले. ओठ हलत होते, रोजचं पूजेचं म्हणत होती की काय कोण जाणे. पाणी तळहातात साठलं, काठापर्यंत आलं. नोई श्वास रोखून उभी होती. अप्पा मागं कधी येऊन उभे राहिले होते मला कळलं नाही.

अक्कानं हात उचलला. मधेच थांबली. मला वाटलं, आता सांडून टाकते.

तिनं तळहात ओठांना लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्याली. मग ओला हात माझ्या डोक्यावर न ठेवता तिनं तसाच परत पुढं केला.

"बगत काय बसलास? वत अजून."